विश्रांतीचा चौदावा दिवस

इंदिरानगरचा रविराज दोन महिने रोज पहाटे पेठ रोडच्या चढावर सायकल दामटत होता. वेग वाढायच्या ऐवजी घटत चालला, पाय जड झाले, झोप उडाली. म्हणून त्याने सराव आणखी वाढवला. शेवटी डॉक्टरांनी दरडावलं, "सराव कमी पडत नाहीये, अति होतोय. दोन आठवडे सायकलला हात लावायचा नाही. नीट जेवा, भरपूर झोपा."

चौदाव्या दिवशी सकाळी रविराजला स्वतःहून जाग आली. पाय हलके वाटत होते. त्याने लगेच आपल्या सायकलच्या जोडीदाराला, ज्ञानेशला, फोन लावला. "उद्यापासून येतो रे!"

मग तो नाश्त्याला बसला. शेजारी बसलेल्या सात वर्षांच्या लेकीच्या, वेदिकाच्या हातून दुधाचा पेला कलंडला आणि दूध त्याच्या मांडीवर सांडलं. पोर जागच्या जागी थिजली. तिने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

"अगं, दूधच सांडलंय," रविराज म्हणाला.

तिने एक डोळा किलकिला केला. "बाबा, तू ओरडणार नाहीस?"

सराव चालू असताना आपण घरात किती वेळा ओरडलो, ते त्याला आठवेना. त्याने बायकोकडे पाहिलं. छायाने मान फिरवली.

त्याने लेकीला जवळ घेतलं आणि ज्ञानेशला पुन्हा फोन लावला.

"उद्या नको रे. मी अजून बरा झालेलो नाही."

"का? पाय दुखतायत?"

"नाही. पाय बरे आहेत."