वाचवलेल्या नळ्या

“थांबा बाई, हात उचला!” ऑर्गनच्या पोटातून वेंडेल मिस्त्री ओरडला.

ओटिलीबाईंनी पट्टीवरचं बोट उचललं. सकाळपासून हेच चाललं होतं. मिस्त्री आत नळ्यांच्या गर्दीत उभा राहून सूर लावायचा आणि बाई बाहेर बसून तो सांगेल ती पट्टी दाबून धरायच्या. सगळा जन्म चर्चमध्ये ऑर्गन वाजवण्यात गेलेल्या बाईला हे काम म्हणजे शिक्षाच. पण आज त्या खुशीत होत्या. धर्मसुधारक लूथरच्या पाचशेव्या जयंतीनिमित्त ऑर्गनचा इतिहास छापून निघणार होता. तो त्यांनीच लिहिला होता, आणि त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट त्यांच्या वडिलांची होती.

मिस्त्री अंगभर धूळ घेऊन बाहेर आला. काखेत एक चौकोनी लाकडी नळी होती, कमरेएवढी.

“सापडलं तुमचं. मागच्या अंगाला शाईनं लिहिलंय. ‘सिनेगॉगसाठी, १९०८.’”

“बघा! मी म्हणत नव्हते?” बाई उठूनच उभ्या राहिल्या. “लोकांना वाटतं म्हातारी फुशारक्या मारते. बाबा शनिवारी ज्यूंच्या प्रार्थनाघरात, सिनेगॉगमध्ये वाजवायचे आणि रविवारी इथं. शनिवारी ज्यूंना स्वतःला वाजवायची धर्मानं मनाई ना. पुढे अडतीस साली नाझींनी ते पेटवून दिलं, तेव्हा अख्खं गाव हाताची घडी घालून बघत उभं होतं. बाबा एकटे हातगाडी घेऊन गेले. बासरीच्या सुराच्या सगळ्या नळ्या काढून आणल्या. म्हणाले, माणसं परत आली की देऊन टाकू.”

“आली?”

“कोण येतंय, मिस्त्री? तुम्ही पण काहीतरीच विचारता.”

 नळीच्या वरच्या कडेवरून मिस्त्रीनं अंगठा फिरवला, मग पुन्हा फिरवला. बाईंना ते आवडलं नाही.

“काय झालं?”

“कापलीय हो ही.”

“म्हणजे?”

“करवतीनं. सगळ्याच कापल्यात, आत बघून आलो. यांचा सूर आपल्यापेक्षा एक पट्टी खाली होता. नळी आखूड केली की सूर चढतो.”

“मग बरोबरच आहे. त्याशिवाय इथं वाजल्या असत्या का?”

“वाजल्या असत्या. एकेक पट्टी सरकवून बसवायच्या आणि शेवटची टीचभर नळी नवी करायची. दोन दिवसांचं काम. तुमच्या बाबांना ठाऊक नसेल होय?” मिस्त्रीनं नळी बाकावर आडवी ठेवली. “जे परत द्यायचं असतं, ते कुणी कापतं का, बाई?”

“तुम्ही सूर लावायला आलात की पंचनामा करायला?” बाईंचा आवाज फाटला. “जीव धोक्यात घालून गेला होता तो माणूस! तुमच्या गावातनं कोण गेलं होतं? सांगा ना!”

“कोणी नाही,” मिस्त्री म्हणाला. “आमच्याकडे माझा बापसुद्धा बघतच उभा होता. चुकलं माझं. मी काही बोललो नाही असं समजा. नळी जागेवर ठेवतो, कुणाला कळणार नाही.”

तो खरंच नळी उचलायला वाकला. पण बाईंची नजर त्या कापलेल्या कडेला चिकटली होती. चौकोनी तोंड, आत पोकळ, आतून गुळगुळीत. अडतीसच्या त्या हिवाळ्यात चुलीशेजारच्या खोक्यात असेच तुकडे भरले होते. वीतभर, चार बोटं, काही तर अंगठ्याएवढे. वाळलेलं लाकूड, काडी लावायची खोटी की भर्रकन पेटायचं. तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या, लहानपणापासून बापाशेजारी बसून ऑर्गन शिकलेल्या. पोकळ सरपण कुठल्या झाडाला येतं, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. आपल्याला कळलं नव्हतं, असं आता त्यांना स्वतःशीसुद्धा म्हणता येईना.  त्या नळीशेजारी बाकावर बसल्या.

“ओटिलीबाई!” ऑर्गनच्या सज्जाखालून चर्चचे धर्मगुरू पास्टर फोल्करनी हाक मारली. पोरसवदा माणूस, कायम घाईत. “झाला का मजकूर? छापखाना चारला बंद होतो!”

“पेन्सिल द्या,” बाई मिस्त्रीला म्हणाल्या.

“बाई, राहू द्या. मेलेल्या माणसाचं कशाला—”

“द्या म्हणते ना.”

कागदावर ओळ होती: ‘१९३८. वादक एमिल राउश यांनी या नळ्या सिनेगॉगच्या आगीतून वाचवल्या.’ ती त्यांनी खोडली नाही. तिच्याखाली सावकाश, शाळेत गिरवावं तसं लिहिलं आणि कागद घेऊन स्वतःच जिना उतरल्या. पास्टरनी उभ्याउभ्याच वाचलं, आधी मनात आणि मग ओठ हलवत.

‘नंतर त्यांनीच त्या आपल्या मापाला कापल्या. कापलेले तुकडे त्यांच्या मुलीने चुलीत घातले.’

पास्टरचे कान लाल झाले.

“बाई, अहो, मोठमोठे पाहुणे येणार आहेत. निदान ही मुलीची ओळ तरी काढू या. ती कशाला हवी?”

“तीच ठेवा,” ओटिलीबाई म्हणाल्या. “बाकीचं सगळं मी बाबांच्या वतीनं लिहिलंय. तेवढी एकच माझी आहे.”