रानपिंगळ्याची काचपेटी

"पक्षीच नाही, तर संग्रहालय कशाचं?" साहेब म्हणाले. कुलूप टेबलावर ठेवून ते विश्रामगृहावर जेवायला गेले. परत येऊन ते दाराला कायमचं लावणार होते.

मेळघाटाच्या माथ्यावरच्या त्या दोन खोल्यांचा राखणदार, माहितगार, झाडूवाला, सगळं देवमनच. रानपिंगळा म्हणजे दुर्मीळ, दिवसा शिकार करणारं एवढंसं घुबड. भिंतीवर त्याचे फोटो होते, बटण दाबलं की आवाजही निघायचा. मधली काचपेटी तेवढी पहिल्या दिवसापासून रिकामी. पर्यटक तिच्यात डोकवायचे, हसायचे आणि भुट्टा खायला निघून जायचे.

देवमनची माय जाईबाई ती पेटी रोज पुसायची. जन्मभर तिनं शेतातल्या माळ्यावर उभं राहून लोकांची ज्वारी राखली. आता म्हातारपणी पोराचं संग्रहालय राखत होती. कमरेची गोफण काही सुटली नव्हती. इथं माकडं फार.

"नोकरी जाईन त जाईन, माय," देवमन म्हणाला. "पण सारी जवानी याच्यात घातली. एक तरी पायजे होता."

"एकच पायजे का?"

"एक लय झाला."

तेवढ्यात समोरच्या सागावर काहीतरी हललं. भर उन्हात, उघड्या फांदीवर, मूठभर जीव शेपटी उडवत बसला होता. देवमनला रडूच फुटलं. मोबाईलमध्ये नुसता ठिपका येत होता, आणि रेंज तर इथं कधीच नसते.

"माय, थोच हाय. मी साहेबाले घेऊन येतो. तू नजर ठेव. उडून जाऊ देजो नोको."

"तू जाय. मी हाओ नं."

देवमननं गाडी दामटली. हातापाया पडून साहेबांना अर्ध्या ताटावरून उठवलं. परत आले तर फांदी रिकामी.

साहेब आत जायला वळले, ते कुलूप घ्यायलाच.

जाईबाई पायरीवर बसून गोफण कमरेला गुंडाळत होती. चेहरा कसा उजळलेला.

"माय, कुठं गेला थो?"

"जाईन कुठं? उडाच्याच बेतात होता." तिनं उठून दार सताड उघडलं. "या साहेब. आता पेटी रिकामी नाई."