अस्सल कूपन

वडिलांच्या, अप्पांच्या, तेराव्याला गोड करायला साखर हवी होती, पण लढाईमुळे ती कूपनाशिवाय मिळत नव्हती. म्हणून वेदवती कुंभकोणमच्या पेठेत कूपनं विकणाऱ्या दलालासमोर नाइलाजानं उभी राहिली.

"अक्का, खोटं निघालं तर माझ्या तोंडावर फेका!"

खऱ्या शिक्क्याची शाई कागदाच्या मागे उमटते, हे अप्पांनीच तिला शिकवलं होतं. पहिली दोन कूपनं तिनं खरोखरच त्याच्या तोंडावर फेकली. तिसरं उलटून पाहिलं. शाई मागे उमटली होती. कूपन अस्सल होतं. मग तिनं वरचं नाव वाचलं आणि तिला शिसारी आली.

 

नाव अप्पांचं होतं. मृताचं कूपन ठेवता येत नाही म्हणून परवा तिनंच ते रेशनच्या कचेरीत परत केलं, तेव्हा "देवमाणूस गेला हो," म्हणत कारकुनानं डोळे पुसले होते.