मापाचे हातमोजे

मालकाने टेबलावर हातमोज्यांच्या तीन जोड्या टाकल्या. "बघ रे दिगंबर, तुका खंयचे बरे होतत ते."

दिगंबरला खरंच वाटेना. अकरा वर्षं तो तारकर्लीला स्कूबासाठी आलेल्या पर्यटकांना मागून धरून समुद्राच्या तळाशी नेत होता. खडकांवरच्या कालवांनी बोटांना पाडलेल्या चिरा खाऱ्या पाण्यात कधी भरत नसत. त्याने तोंड उघडून काही मागितलं नव्हतं. मालकाने आपणहून पाहिलं, एवढ्यानेच त्याचा ऊर भरून आला.

तो एकेक जोडी घालून, मुठी वळून बघू लागला. जाड मोज्यांतून सिलिंडरची चावी हाताला लागेना. काळे बोटांच्या बेचक्यात आवळत होते. निळे मात्र जणू त्याच्याच मापाने शिवलेले.

"हे बरे आसत," तो म्हणाला.

"निळे नकोत, पाण्यात उठून दिसतत. काळे घे."

"काळे घट्ट होतत."

"होवंदे. कालची बाई तक्रार करून गेली. म्हणता, तुमच्या माणसाचो फाटको हात माझ्या सगळ्या फोटोंत मधी येता."

दिगंबरने निळे मोजे काढून टेबलावर ठेवले. काल तळाशी पोचताच ती बाई घाबरली होती. परत बोटीवर चढेपर्यंत तिने हाच हात दोन्ही हातांनी कवटाळून धरला होता. तिच्या नखांचे चार व्रण मनगटावर अजून लाल होते.

त्याने काळा मोजा चढवला आणि त्या व्रणांवर नीट ओढून घेतला.