मोरपंखी साडी

शुक्रवारी सकाळचे अकरा वाजले, तरी समीक्षकांचा फोन वाजला नाही.

एरवी सिनेमाची पुरवणी घरोघरी पडली की एका वाचक बाईंचा फोन ठरलेला असे. "अहो, चष्मा बदला! ते दोघं स्टेशनवर भेटतात, बागेत नाही!" मग जुन्या भुतांपासून नव्या मारामाऱ्यांपर्यंत सगळ्या सिनेमांचा समाचार, आणि मध्येच दोघांची गुडघेदुखी. लेख बिनचूक असला की मात्र बाई फोन करत नसत. आपणहून करावा, तर समीक्षकांना निमित्त सापडत नसे. म्हणून वर्षभर ते प्रत्येक लेखात मुद्दाम एक चूक सोडत होते. या वेळी तर त्यांनी कृष्णधवल चित्रपटातल्या नायिकेला मोरपंखी साडी नेसवली होती.

दुपारी जेवताना फोन वाजला. हातातला घास ताटात टाकून त्यांनी तो उचलला. पलीकडे पुरवणीची नवी उपसंपादक होती.

"सर, ती मोरपंखी साडी मी छापायच्या आधीच काढली हं. केवढं हसं झालं असतं!"

समीक्षकांनी ताट बाजूला सरकवलं.

"आता निर्धास्त राहा सर. यापुढे तुमची एकही चूक बाहेर जाऊ देणार नाही."