आवाजाचं बटण

मेकॅनिकने पिशवी खाली ठेवण्याआधीच काकांनी फिर्याद मांडली. "हा नवा प्लेयर नुसता बोंबलतो. आवाजाच्या बटणाला जरा बोट लावलं की घर डोक्यावर घेतो."

"माझ्या हाताने बरा गुमान वाजतो!" काकू म्हणाल्या. "नाचता येईना, अंगण वाकडं."

बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. काकांनी उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला. तीस वर्षं ज्या हाताने बस चालवली, तो वर्षभरापासून थरथरत होता. कप निम्माच भरायचा, शर्टाची बटणं काकूंनी लावायची, आणि लेकीने हौसेने हा प्लेयर पाठवला तर त्याचा आवाजही काकूंनीच लावून द्यायचा. दर गाण्याला बायकोला हाक मारायची काकांना लाज वाटू लागली. चार दिवस झाले, घरात गाणं नव्हतं. "परत पाठवून दे," एवढंच ते म्हणाले होते. काकूंना घर खायला उठलं होतं.

मेकॅनिकने हात पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं. प्लेयर सुरू करून त्याने, तो ज्याला जोडला होता त्या घरातल्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचं आवाजाचं बटण केसभर फिरवलं. गाणं भिंतीवर आदळलं. केसभर मागे घेतलं, चिडीचूप. पुन्हा तेच.

"काकू, अंगण खरंच वाकडं आहे हो," तो म्हणाला. "प्लेयर जात्याच मोठ्याने बोलणारा. अ‍ॅम्प्लिफायर जुना, त्याला एवढी सवय नाही. सगळा आवाज बटणाच्या सुरुवातीलाच संपतो, पुढचा फेरा नुसता शोभेला. तुमचा हात हलका म्हणून निभावलं. मलासुद्धा धड लावता येत नाहीये."

"मी काय म्हणत होतो!" काका ताठ बसले.

मेकॅनिकने पिशवीतून अंगठ्याएवढे दोन जोड काढले. आत आवाजाचा जोर अडवणारे रेझिस्टर होते. प्लेयरकडून येणाऱ्या दोन्ही वायरींच्या टोकांना त्याने एकेक जोड लावला आणि वायरी पुन्हा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये खोचल्या. "आता आवाज आत शिरतानाच बारीक होऊन शिरेल. काका, तुम्हीच लावा."

काकांनी काकूंकडे पाहिलं. "दूध उतू जाईल," म्हणत काकू स्वयंपाकघरात पळाल्या. गॅसवर काहीच नव्हतं.

काकांचा हात बटणावर गेला. थरथरला, त्याबरोबर बटणही थरथरलं. गाणं किंचित कमीजास्त झालं, एवढंच. काका फिरवत गेले, पाव, मग निम्मा फेरा. खोली हळूहळू सुरांनी भरली आणि तेवढीच भरलेली राहिली.

मेकॅनिक गेला. एक गाणं झालं, दुसरं लागलं. काकांनी आपल्या मनाने आवाज थोडा वाढवला. भाजी चिरता चिरता काकूंचे डोळे भरून आले. आवाज अगदी बेताचा होता, खरं तर त्यांना आणखी थोडा चालला असता. त्यांनी मनगटाने डोळे पुसले, घसा साफ केला आणि ओरडल्या,

"अहो, किती मोठा तो आवाज! जरा कमी करा की!"

"सुखाने एक गाणं ऐकू देशील तर शपथ!" बाहेरून काका खेकसले.

आणि आवाज हळूहळू, सांगितला तेवढाच, कमी झाला.