भरतीचं अंडं

पालेभाजीनं आणि अंड्यातल्या पिवळ्या बलकानं नजर चांगली राहते, असं नर्सबाईंनी सांगितल्यापासून रंगुबाई घरच्या कोंबडीचं अंडं आणि मेथी-तांदुळजा लेकाच्याच ताटात वाढायची. भीमराजला लष्करात जायचं होतं. स्वतः ती चटणी-भाकरीवर भागवायची.

नगरच्या भरतीत भीमराज सगळ्यांच्या पुढं पळाला, पण तपासणीत त्याला लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येईना. "हे खाण्यानं बरं होत नाही," डॉक्टर म्हणाले. "जन्मतःच असतं. आईकडून येतं."

तो पाथर्डीच्या एसटीतून उतरला, तर रंगुबाई फाट्यावरच उभी होती. "डोळ्याचं काय म्हनले रं?"



"डोळं एकदम चांगलं हायेत, आये. छातीच कमी भरली."